साखर उतरते, पण कळत नाही!

उसाला पाणी द्यायचे दिवस. लाईट रात्रीची. घरातले आबा जेवण उरकून, बॅटरी आणि फावडे घेऊन मळ्यात दारे धरायला गेले आहेत, असे एक घर डोळ्यांपुढे आणा. आबांना मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घेतात. रात्री अकराच्या सुमारास मुलगा मळ्यात जातो तो काय, पाणी सरी फोडून शेजारच्या वावरात चालले आहे आणि आबा बांधावर बसून नुसते बघत आहेत.

"आबा, पाणी फुटलंय की! दिसंना का तुम्हाला?"

आबा भलतेच काहीतरी बोलतात. हात धरला तर झिडकारतात. शेजारी म्हणतो, "आज कुठं बसून आलेत काय रं?" पण आबा तर माळकरी. दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. मुलगा शहाणा निघतो. मोटारीच्या खोलीत चहाचे सामान असते. तो पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे साखर विरघळवतो आणि गोडीगुलाबीने आबांना पाजतो. पाव तासाने आबा इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "तू कवा आलास?"

घरी आल्यावर सूनबाई म्हणते, "आबा, अगोदर कळलं नाही का? पूर्वी तुम्हाला घाम फुटायचा, हात कापायचे. तुम्ही स्वतःच गूळ मागून घ्यायचात."

आबा हसून म्हणतात, "आता तसलं काही होत नाही गं. अंग सरावलंय."

वाचकहो, आजचा हा लेख या एका वाक्यासाठी आहे. अंग सरावते हे खरेच आहे. पण आबांना वाटते तशी ही आनंदाची गोष्ट नाही. आबांचे अंग साखर उतरण्याला समर्थ झालेले नाही, ते फक्त ओरडून सांगायचे थांबले आहे. असे का होते आणि त्यावर इलाज काय, हे मधुमेही माणूस असलेल्या प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे.

चमचाभर साखर आणि मेंदूची भूक

मधुमेह म्हटला की साखर वाढण्याची भीती सगळ्यांना ठाऊक असते. साखर उतरण्याची भीती तेवढी ठाऊक नसते.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा! याच चमचाभर साखरेवर मेंदूचा संसार चालतो. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे, पण अंगातली एकूण शक्ती खर्च होते तिचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. हातापायांचे स्नायू अडीनडीला चरबी जाळून भागवतात. मेंदूला ते जमत नाही आणि त्याच्याकडे साठवणाची कोठीही नाही. रक्तातून येईल तशी साखर घ्यायची आणि लगेच वापरायची, असा त्याचा रोजंदारीचा व्यवहार आहे.

म्हणून दर शंभर मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर तिला 'उतरलेली साखर' म्हणतात. ५४ च्या खाली गेली की तो गंभीर प्रकार धरतात. ५० च्या खाली माणसाचे विचार अडखळू लागतात. याहूनही खाली जात राहिली तर झटके येतात, शुद्ध हरपते आणि वेळीच मदत मिळाली नाही तर जीवही जातो.

शरीराचे तीन राखणदार

हा धोका मोठा म्हणूनच शरीराने साखरेवर एकाला तीन राखणदार बसवलेले आहेत.

निरोगी माणसाची साखर ८० च्या आसपास येऊ लागली की पहिला राखणदार हलतो. स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन सोडणे कमी करते. इन्शुलिन साखर खाली नेते. ते थांबले की उतार थांबतो.

साखर ७० ते ६५ च्या घरात गेली की दुसरा राखणदार उठतो. स्वादुपिंडातूनच ग्लुकागॉन नावाचा रस सुटतो आणि यकृताला सांगतो, "कणगी उघड!" यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर साठवून ठेवलेली असते. त्यातली रक्तात येऊ लागते.

त्याच सुमारास तिसरा राखणदारही कामाला लागतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. तेही यकृतातून साखर काढते आणि स्नायूंना म्हणते, "तुम्ही जरा हात आखडता घ्या." साखर ५५ च्या आसपास आली की या धावपळीचा गलबला माणसाला जाणवू लागतो. छाती धडधडते, हात कापतात, दरदरून घाम फुटतो, पोटात भुकेची आग पडते. हा सगळा त्रास म्हणजे शरीराने दिलेली हाळी आहे. "धन्या, ऊठ, काहीतरी खा," असे ते सांगत असते.

यात एक मेख आहे. हाळी आधी येते आणि मेंदू नंतर ढळतो. या दोहोंमधल्या थोड्या वेळात माणूस शुद्धीवर असतो, तोंडात गूळ टाकू शकतो. तेवढ्या वेळावर त्याचे सारे भले अवलंबून असते.

आता इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाचे बघा. सुईने टोचलेले इन्शुलिन मागे घेता येत नाही. पाटात सोडलेले पाणी जसे विहिरीत परत येत नाही, तसेच ते. म्हणजे पहिला राखणदार गेला. लहानपणी किंवा तरुणपणी जो मधुमेह होतो आणि ज्यात पहिल्यापासून इन्शुलिनच लागते, त्यात काही वर्षांतच दुसरा राखणदारही साखर उतरल्यावर उठेनासा होतो. मोठ्या वयातला मधुमेह फार जुना होऊन इन्शुलिनवर आला की तिथेही हळूहळू तेच घडते. उरतो तो एकटा तिसरा.

तिसराही का झोपतो?

साखर कारखान्याजवळच्या गावात पाहुणा आला की मळीच्या वासाने नाकाला रुमाल लावतो. गावकरी मात्र विचारतात, "कसला वास?" वास कमी झालेला नसतो, नाक सरावलेले असते.

साखर वारंवार उतरू लागली की तिसऱ्या राखणदाराचे असेच होते. जो पूर्वी ५५ ला हाळी द्यायचा, तो ५० ला देऊ लागतो. मग ४५ ला. विहिरीचे उदाहरण घेऊ. पाणी अमुक पायरीखाली गेले की ओरडायचे, असे गड्याला सांगून ठेवले आहे. पण तो रोज एकेक पायरी खाली सरकून बसतो आहे. मोटारीचा फूट व्हॉल्व्ह मात्र होता तिथेच आहे. एक दिवस असा येतो की व्हॉल्व्ह आधी उघडा पडतो आणि गडी नंतर ओरडतो.

मेंदू डगमगण्याची पायरी हाळीच्या पायरीइतकी खाली सरकत नाही. म्हणून हाळी येईपर्यंत माणसाची बुद्धीच जागेवर नसते. खिशात गुळाचा खडा असतो, पण तो खायचा हे सुचत नाही. कोणी देऊ लागले तर तो हात झिडकारतो. आबांचे बांधावर हेच झाले.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. साखर एकदा उतरली की पुढच्या वेळची हाळी मंद होते. हाळी मंद झाली की साखर आणखी खोल उतरते, आणखी वेळ खाली राहते. त्याने हाळी आणखी मंद होते. इन्शुलिन लहानपणापासून लागणाऱ्या प्रौढ मधुमेहींपैकी साधारण चारांतील एकाची हाळी अशी मंदावलेली असते. अशा माणसांना दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहा पट असतो.

जाणत्यांनी काय पाहिले

ही गोष्ट आज-काल लक्षात आलेली नाही. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचले गेले. लंडनमध्ये डॉ. लॉरेन्स नावाचे मधुमेहाचे मोठे वैद्य होते. ते स्वतःच मधुमेही होते आणि १९२३ साली इन्शुलिन मिळाल्यामुळे वाचले होते. जुन्या रोग्यांच्या सूचना बदलतात, घाम आणि थरथर न होता एकदम भ्रमच होतो, हे त्यांनी १९४१ साली लिहून ठेवले.

असे का होते याचा छडा पुढे अमेरिकेतील सेंट लुईस येथील डॉ. फिलिप क्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. १९९१ साली त्यांनी निरोगी माणसांची साखर दुपारी मुद्दाम, देखरेखीखाली उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उतरवून पाहिली, तर अ‍ॅड्रिनॅलिनही कमी सुटले आणि त्रासही कमी जाणवला. १९९३ साली इन्शुलिनवरच्या मधुमेहींतही तेच आढळले. म्हणजे राखणदार पेंगायला वर्षे लागत नाहीत. काल दुपारची एक खेप आज सकाळची हाळी मंद करायला पुरते. एक खेप विरून जाते. पण खेपा लागोपाठ होत राहिल्या तर राखणदार पेंगलेलाच राहतो.

शेतकऱ्याच्या घरी धोका कुठे दबा धरून असतो?

*अंगमेहनत.* ऊसतोडणी, नांगरट, पेरणी, मळणी या कामांत स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतात. काम संपल्यावरही रिकामी झालेली स्नायूंची कोठारे भरण्यासाठी कित्येक तास ओढतच राहतात. म्हणून दिवसभर राबलेल्या माणसाची साखर रात्री उतरते. शिवाय जबर मेहनतीनेही तिसरा राखणदार दुसऱ्या दिवसापर्यंत मंदावतो. कामाचे दिवस आणि रिकामे दिवस यांना एकच डोस चालेलच असे नाही. त्याबाबत डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

*रात्र.* झोपेत शरीराची हाळी मुळातच दबलेली असते. सकाळी उठल्यावर कपडे-वाकळ घामाने ओली, डोके जड, रात्री भीतीदायक स्वप्ने, झोपेत ओरडणे अशी चिन्हे दिसली तर रात्री साखर उतरल्याची शंका घ्यावी.

*उपासतापास.* एकादशी, चतुर्थी, नवरात्र आपल्या घरांत पाळतात. पण सुई किंवा गोळी नेहमीसारखी आणि पोटात फक्त चहा, हे जिवावर बेतू शकते. उपास करायचाच असेल तर डोस कसा ठेवायचा ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पाहुणे आले म्हणून किंवा बाजारात उशीर झाला म्हणून जेवण लांबले, तरी धोका तोच.

*दारू.* दारू पोटात असली की यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. त्यात लोक म्हणतात, "प्यालाय, पडू द्या." असा माणूस सकाळी उठेलच याची खात्री नसते.

*गोळ्या.* सुई घेणाऱ्यांचीच साखर उतरते असे नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांनीही उतरते. म्हातारपणी किंवा मूत्रपिंडे कमजोर झाली असताना तर जास्तच, आणि ती वर आणल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही.

*रक्तदाबाच्या काही गोळ्या.* प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या छातीची धडधड आणि हातांची थरथर झाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून अशा माणसाने अवेळी आलेल्या घामाकडे लक्ष ठेवावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

घरच्यांचे डोळे हीच खरी हाळी

ज्याची हाळी मंदावली आहे त्याला स्वतःला कळत नाही. तेव्हा ओळखायचे काम घरच्यांचे. पुढील गोष्टी दिसल्या की आधी साखर आठवावी:

शांत माणूस विनाकारण चिडतो. बोलणे जड किंवा असंबद्ध होते. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. चेहरा पांढरा पडतो, नजर एका जागी लागते. चालताना झोकांड्या जातात. रोजचे काम, म्हणजे गाय सोडणे किंवा गाठ मारणे, हातून होत नाही.

अशा वेळी वाद घालू नये. "तुम्ही असे का करता?" असे विचारत बसू नये. अंगात आले, वारे लागले म्हणून अंगारा-धुपारा करण्यात वेळ घालवू नये. घरी साखर तपासायचे यंत्र असेल तर तपासावे. नसेल तर साखर उतरलीच आहे असे धरून चालावे. साखरेचे पाणी दिल्याने, ती उतरलेली नसली तरी तेवढ्याने मोठे नुकसान होत नाही. उतरलेली असताना न दिल्याने मात्र होते.

काय द्यावे, काय देऊ नये

माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर चहाचे तीन ते चार चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यावी. ग्लुकोजची पूड असेल तर उत्तम. मोठ्या सुपारीएवढे गुळाचे दोन खडेही चालतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ७० च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी किंवा भात खायला द्यावा, नाहीतर साखर परत उतरते. पेढा, बर्फी, चॉकलेट यांत स्निग्धांश असल्याने त्यांतली साखर रक्तात उशिरा पोचते; पहिल्या झटक्याला ते कामाचे नाहीत.

जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर आणि गूळ हळू लागू पडतात. अशा घरी ग्लुकोजची पूडच ठेवावी.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. पाणी श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. त्याला कुशीवर वळवावे. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन देऊन ठेवले असेल आणि देण्याची पद्धत शिकवली असेल तर ते द्यावे. नाहीतर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. इन्शुलिन मात्र अशा वेळी चुकूनही देऊ नये.

राखणदार पुन्हा जागा होतो

आता सर्वांत महत्त्वाची आणि आशेची गोष्ट. पेंगलेला तिसरा राखणदार पुष्कळदा पुन्हा जागा करता येतो. त्यासाठी नवे औषध लागत नाही. काही आठवडे साखर एकदाही उतरू द्यायची नाही, एवढेच करावे लागते.

इटलीतील पेरुजा येथील डॉक्टरांनी १९९३ साली आणि लंडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली हे दाखवून दिले. साखर उतरणे कटाक्षाने टाळले तेव्हा साधारण दोन-तीन आठवड्यांपासूनच रोग्यांना पूर्वीची चिन्हे पुन्हा जाणवू लागली. दुसरा राखणदार, ग्लुकागॉन, असा परत येत नाही. अ‍ॅड्रिनॅलिनचा जोरही पूर्वीइतका होईलच असे नाही. पण हाळी परत येते, आणि जीव वाचवायला ती पुरते.

हे करायचे कसे? आधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, "साखर उतरते पण मला कळत नाही." हे वाक्य पुष्कळ जण बोलतच नाहीत. कोणाला लाज वाटते, कोणाला वाटते डॉक्टर रागावतील. उलट काही जण अभिमानाने सांगतात, "माझी साखर साठच असते, पण मी ठणठणीत!" साठ असून ठणठणीत वाटणे हेच तर दुखणे आहे. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी उत्तम आली म्हणूनही निर्धास्त राहू नये. कधी खूप वर आणि कधी खूप खाली गेलेल्या साखरेची सरासरी चांगलीच दिसते.

डॉक्टर बहुधा डोस कमी करतात किंवा वेळ बदलतात आणि थोडे दिवस साखर जराशी वर ठेवायला सांगतात. रोज जेवणाआधी, झोपण्यापूर्वी, जड कामाआधी आणि ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवण्याआधी तपासावी. अधूनमधून पहाटे दोन-तीन वाजताही पाहावी. दुधाचा हिशेब लिहितो तशी एक वही करावी. तारीख, वेळ, साखर, खाणे आणि काम ही पाच खाणी पुरेत. अक्षर नातवंडाचे असले तरी चालेल.

एक सावधगिरी मात्र हवी. साखर उतरते म्हणून आपल्या मनाने सुई किंवा गोळ्या बंद करणे, किंवा साखर बेसुमार वाढवून ठेवणे हा इलाज नव्हे. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय खाते. आणि लहानपणापासून इन्शुलिन लागणाऱ्याने ते बंद केले तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. आपल्याला साखर वाढवायची नसून तिचे खड्डे बुजवायचे आहेत.

तर आपल्या त्या आबांच्या घरी पुन्हा जाऊ. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस कमी केला आहे. भिंतीला वही टांगली आहे. मोटारीच्या खोलीत, आबांच्या बंडीच्या खिशात आणि सुनेच्या कमरेच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी आहे. रात्रीच्या पाण्याला आबा एकटे जात नाहीत. महिना झाला. एके दिवशी दुपारी मिरचीच्या वाफ्यात खुरपताना आबा एकदम थांबतात, कपाळावरचा घाम पुसतात, खाली बसून खिशातली पुडी तोंडात रिकामी करतात. सून धावत येते.

"काय झालं, आबा?"

आबा तिला आपला हात दाखवतात. "बघ की, हात कापतोय!"

त्या घरात त्या दिवशी त्या कापऱ्या हाताचा सर्वांना आनंद होतो.